सोळाव्या आठवड्यातल्या बाई

रेडिंग, रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला आलेख पाहिला. इंग्लंडमधले मृत्यू डिसेंबरअखेर एकदम खाली आणि जानेवारी लागताच सरळ वर. 'हे लपवलं जातंय' असं त्यावर कोणीतरी लाल अक्षरांत लिहिलंय आणि तू काळजीने विचारतोयस, तिकडे नक्की काय चाललंय? फोनवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं, पण या आकड्यांशी माझं एक नातं आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी तुझी काळजी मिटवतो. इथे दर आठवड्याला जी मृत्युसंख्या जाहीर होते ती त्या आठवड्यात गेलेल्यांची नसते, नोंदवलेल्यांची असते. आठवडा शनिवारी सुरू होतो, शुक्रवारी संपतो. डॉक्टरचा दाखला मिळाला की घरचं कोणीतरी नोंदणी कार्यालयात वेळ घेऊन जातं. मुदत पाच दिवसांची. नाताळात कार्यालयं बंद, मग नोंदी होणार कशा? २७ डिसेंबर २०१९ ला संपलेल्या आठवड्यात इंग्लंड आणि वेल्स मिळून ७,५३३ मृत्यू नोंदले गेले. पुढच्या आठवड्यात १२,२५४, त्यापुढच्यात १४,०५८. तेव्हा करोनाचं नावही इथे कोणाच्या तोंडी नव्हतं. २०२२ च्या सप्टेंबरात राणीच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी सुट्टी होती, त्या आठवड्यातही रेघ अशीच खाली आली. अपघात किंवा आत्महत्या असेल तर चौकशी पूर्ण होईपर्यंत नोंदच होत नाही, कधीकधी कित्येक महिने. मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावलेले आकडेही निघतात, पण ते भरत यायला वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यात ताजा आठवडा नेहमीच कमी दिसतो.

आता नात्याचं सांगतो.

आमच्या शेजारी एक बाई राहायच्या, ८७ वर्षांच्या. मी या देशात आलो त्या पहिल्या हिवाळ्यात पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून काय करायचं, ते त्यांनी मला दारात उभं राहून शिकवलं होतं. शेवटची दोन वर्षं त्या वृद्धाश्रमात होत्या. ९ एप्रिल २०२० ला, गुरुवारी त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, मग शनिवार-रविवार, मग ईस्टरचा सोमवार. मुलगा दुसऱ्या गावी, प्रवास बंद. मार्चअखेर आलेल्या नव्या कायद्याने फोनवरून नोंदणी करता येऊ लागली होती, तशी त्याने ती बुधवारी, १५ तारखेला केली. मला म्हणाला, फोनवरची नोंदणी करणारी बाई अतिशय हळू बोलत होती, आईच्या नावाचं एकेक अक्षर पुन्हा विचारत होती.

त्या गेल्या त्या आठवड्याचा आकडा १८,५१६. त्यात त्या नाहीत. पुढच्या, १७ एप्रिलला संपलेल्या सोळाव्या आठवड्याचा आकडा २२,३५१. त्यात त्या आहेत. १९९३ पासूनच्या साप्ताहिक आकड्यांत एवढी मोठी संख्या तोवर आली नव्हती. आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा ११,८५४ जास्त. अकरा दिवसांनी, मंगळवारी, तो आकडा मी रेडिओवर ऐकला तेव्हा हातातलं भांडं तसंच ठेवून खाली बसलो. बावीस हजार तीनशे पन्नास इतर कोण, ते मला माहीत नव्हतं. एक माहीत होतं.

तेव्हापासून दर आठवड्याला मी तो तक्ता उघडतो. सवयच लागली.

त्यातली खरी अवघड गोष्ट मोजण्याची नाही, 'एरवी किती गेले असते' हे ठरवण्याची आहे. प्रत्यक्ष मृत्यूंतून हा अंदाज वजा केला की उरतात ते 'जादा मृत्यू'. आधी सरळ पाच वर्षांची सरासरी घेत. पण २०२० सरासरीत धरलं तर पुढची सगळी वर्षं उगाच बरी दिसणार, म्हणून २०२१ ची तुलना २०१५ ते २०१९ शी केली. शिवाय लोकसंख्या वाढते, म्हातारी होते, ते सरासरीला कळतच नाही. म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने वय आणि लोकसंख्या धरून नवी पद्धत आणली. त्याबरोबर २०२३ मधले अख्ख्या युनायटेड किंगडमचे जादा मृत्यू ३१,४४२ वरून १०,९९४ वर आले. लोक चिडले, आकडे फिरवले म्हणाले. मीही दोन संध्याकाळी कागद घेऊन बसलो, आणि मला नवी पद्धतच पटली. प्रत्यक्ष नोंदलेल्या मृत्यूंमधला एकही कमी केलेला नाही. बदलला तो अंदाज. पण चिडणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला एका सकाळी वीस हजार कमी झालेले दिसले तर तो विचारणारच.

हा देश हे फार पूर्वीपासून करत आलाय. लंडनमध्ये सतराव्या शतकात दर गुरुवारी मृत्यूंची यादी छापून निघायची. म्हाताऱ्या बायका घरोघरी जाऊन प्रेत पाहायच्या आणि कारण सांगायच्या. १६६५ च्या सप्टेंबरात एकाच आठवड्यात प्लेगचे ७,१६५ मृत्यू नोंदले गेले. त्याच्या तीन वर्षं आधी जॉन ग्रॉंट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने या जुन्या याद्या जमवून त्यांवर पुस्तक लिहिलं, आणि त्या बायका सांगतात ते कारण कितपत खरं, अशी शंकाही घेतली.

हे वाचताना मला तुझे अप्पा आठवले. ते गेल्यावर आपण दोघं ग्रामपंचायतीत ग्रामसेवकासमोर बसलो होतो. एकवीस दिवसांची मुदत होती, पण तू चौथ्याच दिवशी निघालास. त्याने वय विचारलं आणि तुला एकदम सांगता येईना. मीच सांगितलं.

ज्याने तो आलेख तुला धाडला त्याला एवढंच विचार, खालच्या तारखा मृत्यूच्या की नोंदणीच्या? काय म्हणतो ते मला कळव. आईंचा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मुकुंद