राष्ट्रीय उद्यान आणि सार्वजनिक वाहतूक

महोदय,

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार बोरिवली स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि २०२२ मध्ये मेट्रो ७ सुरू झाल्यापासून ‘राष्ट्रीय उद्यान’ हे स्थानकही जवळ आले आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, बिबट्यांचा वावर असलेले डोंगराळ जंगल लोकलच्या तिकिटात गाठता यावे, हे भाग्य फार थोड्या महानगरांना लाभते. खरी अडचण प्रवेशद्वारानंतर सुरू होते. कान्हेरी लेणी तेथून सुमारे ६ किलोमीटर आत आहेत. शिलोंडासारख्या निसर्गवाटांसाठी वनविभागाची परवानगी आणि सोबत मार्गदर्शक लागतो, जे वन्यजीवांच्या दृष्टीने योग्यच आहे. मात्र कोणती वाट केव्हा खुली असते, परवानगी कोठे मिळते आणि परतीची बस किती वाजता सुटते, ही माहिती नवख्या माणसाला स्थानकावर उतरताच मिळायला हवी. ती नसली की कुटुंबे साहजिकच मोटारीने येतात आणि जंगलाच्या तोंडाशी वाहनांची गर्दी होते. ठाण्याच्या बाजूने उद्यानाला लागून असलेल्या येऊरला शहर बससेवा जाते, ही गोष्ट तर अनेक मुंबईकरांना ठाऊकही नसते.

वनविभाग, रेल्वे आणि दोन्ही महापालिकांच्या परिवहन सेवांनी एकत्र येऊन बोरिवली व ठाणे स्थानकांत मराठीतील नकाशे व बसच्या वेळा लावाव्यात आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे येऊरसाठी जादा बस सोडावी, अशी विनंती आहे.

– एक पदभ्रमणप्रेमी वाचक, बोरिवली