आमची ग्राहकयादी आमच्याच हाती ठेवणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कोठेही येऊ नये अशी आपली अट असल्याने हे पत्र नावाशिवाय लिहीत आहे. परंतु ते खासगीत पाठवून माझे समाधान होणार नव्हते. बचत गट चालवणाऱ्या, घरगुती पदार्थ दरमहा परगावी पाठवणाऱ्या आणि त्याची व्यवस्था कशी ठेवावी या विवंचनेत असलेल्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. वर्गण्यांच्या आणि पेट्यांच्या नोंदी ठेवणारे ॲप आपण आम्हाला कसे बांधून दिलेत, हे त्यांनाही कळावे असे मला मनापासून वाटते. आपण मानधन घेतले नाहीत. निदान हे आभार तरी स्वीकारावेत.

आमचे काम बाहेरून सोपे दिसते. वर्गणीदार महिन्याची, तिमाहीची किंवा वर्षाची रक्कम भरतात आणि आम्ही दर महिन्याला चिपळूणहून त्यांना कोकणच्या जिन्नसांची एक पेटी पाठवतो: भाजणी, मेतकूट, कुळथाचे पीठ, आमसुले आणि त्या त्या ऋतूत जे निघेल ते. अवघड असते ती प्रत्येक घराची निराळी तऱ्हा. एका घरात मुलाला काजू चालत नाही. एका आजींना श्रावणात भाजणीऐवजी उपवासाची भाजणी लागते. डोंबिवलीचे एक कुटुंब गणपतीला गावी येते, तेव्हा त्या महिन्याची पेटी त्यांना नको असते. मात्र तो महिना पुढे वाढवून हवा असतो. बेंगळुरूचे कोणी घर बदलते, बडोद्याचे कोणी अचानक दोन पेट्या मागते. हे सगळे आम्ही पूर्वी वह्यांत लिहीत होतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले, त्यात त्या वह्या गेल्या. कोणाचे किती महिने शिल्लक होते हे आम्ही ग्राहकांनाच फोन करून विचारले, आणि एकानेही एक महिना जास्त सांगितला असेल असे मला वाटत नाही.

त्यानंतर नोंदी कागदावर ठेवायच्या नाहीत असे गटाने ठरवले आणि एका मोठ्या शहरातल्या संस्थेकडे काम दिले. त्यांनी आमची साइट दुकानासारखी बांधली. दुकानात एक मागणी आली, एक वस्तू गेली की व्यवहार संपतो. आमच्याकडे सहा महिन्यांचे पैसे एकदाच येतात आणि पेट्या सहा जातात. त्यांच्या यंत्रणेत तो ग्राहक पहिल्या महिन्यात दिसे आणि नंतर नाहीसा होई. बदललेला पत्ता एका ठिकाणी नोंदला जाई आणि लेबल दुसऱ्याच ठिकाणाहून छापले जाई. हे दुरुस्त करा म्हटले की नवे अंदाजपत्रक येई. शेवटी आम्ही आमचीच ग्राहकयादी मागितली, तेव्हा ती त्यांच्या सर्व्हरवर आहे, पुढील वर्षाचा करार केल्याशिवाय देता येणार नाही, असे उत्तर मिळाले. साइटचे नाव त्यांच्या नावावर, ईमेल त्यांचा, पासवर्डही त्यांचाच. पुराने वह्या नेल्या तेव्हा बोल लावायला कोणी नव्हते. ही यादी मात्र माणसांनी अडवून ठेवली होती, शांतपणे, गोड आवाजात, आणि ते मला आजही सहन होत नाही. त्यानंतर भेटलेल्या एका सल्लागाराने लाखांचा आकडा सांगितला आणि वर ‘तुमच्या बायकांना हे चालवायला जमायचे नाही’ असेही सांगितले. त्या बायका बाजूच्याच खोलीत पेट्या भरत होत्या आणि त्यांनी ते ऐकले.

आपण आम्हाला भेटलात त्या वर्गणीदार म्हणून. आपली पेटी जुन्या पत्त्यावर गेली होती. आपण फोन केलात, पण तक्रार केली नाहीत. पत्ता बदलल्याची नोंद आमच्याकडे नेमकी कोठे होते, एवढेच विचारलेत. इतक्या दिवसांत आमचे काम समजून घेण्यासाठी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मग सुटीत गावी आलात, तेव्हा लॅपटॉप घेऊन आमच्या पॅकिंगच्या खोलीत येऊन बसलात.

ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले, ती त्यानंतरची आहे. ॲप कसे दिसेल, त्यात काय काय असेल, यांतले काहीही सांगण्याआधी आपण लॅपटॉप उचलून माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, ‘काकू, गूगलचे खाते गटाच्या नावाने तुम्हीच उघडा.’ मी सावकाश टाईप करते. आपण थांबलात. मध्येच हात घालून भराभर पुरे करून टाकण्याचा मोह कोणालाही झाला असता, तो आपल्याला झालेला दिसला नाही. पासवर्डची जागा आली, तेव्हा आपण खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसलात आणि माझे होईपर्यंत वळला नाहीत. झाल्यावर म्हणालात, ‘हा मलाही सांगायचा नाही. मी फोनवर मागितला तरी नाही.’

ताई, आपल्या दृष्टीने ती साधी शिस्त असेल. आपल्या कार्यालयात सगळेच तसे वागत असतील. परंतु ज्यांच्याकडे स्वतःच्या धंद्याची किल्ली कधी दिलीच गेली नव्हती, त्यांच्यासाठी त्या वळलेल्या पाठीचा अर्थ फार मोठा होता. मला त्या क्षणी बोलता आले नाही. माझ्यामागे उभ्या असलेल्या गटाच्या कोषाध्यक्षांनी डोळ्यांना पदर लावला, हे आपल्याला दिसले नाही, कारण आपण भिंतीकडे पाहत होतात. वयाने आपण माझ्या मुलीएवढ्या आहात; तरी तेव्हापासून आपल्याला ताई म्हणावेसे वाटते आणि तसेच म्हणणार आहे.

पुढचे काम आपण किती सोपे करून सांगितलेत! गूगलचे ॲपशीट वापरले तर कोड लिहावा लागत नाही, साध्या तक्त्यांवर ॲप उभे राहते आणि ते तक्ते आमच्याच ड्राइव्हमध्ये, म्हणजे आमच्या गूगल खात्याच्या साठवणीत, राहतात. उद्या ॲप नको झाले तरी नोंदी कोठे जाणार नाहीत, हे आपण पहिल्याच बैठकीत दाखवून दिलेत. वर्गणीदाराची एक ओळ आणि त्याच्या प्रत्येक महिन्याच्या पेटीची वेगळी ओळ, ही मांडणी आपण आमच्या जमिनीवर खडूने आखून समजावलीत. वर्गणी ही वर्षभर चालणारी गोष्ट आहे आणि पेटी ही त्या महिन्यापुरती, म्हणून दोघींचा तक्ता एक असता कामा नये, हे एकदा कळले आणि आमचा निम्मा गोंधळ तेथेच संपला. लेबल छापले की त्या पेटीवरचा पत्ता गोठतो. वर्गणीदाराने नंतर पत्ता बदलला तर तो पुढच्या पेटीला लागतो. महिन्याच्या २० तारखेपर्यंत सांगितलेले बदल त्या महिन्याला, त्यानंतरचे पुढच्या महिन्याला. इतके सरळ उत्तर आम्ही पैसे मोजून मागत होतो आणि ते आम्हाला मिळत नव्हते.

सगळी बटणे आपण मराठीत केलीत आणि प्रत्येक जिन्नसाचा फोटो लावलात, कारण पेट्या भरणाऱ्यांपैकी सगळ्यांना वाचायला सवड किंवा सवय नसते. काजू न चालणाऱ्या घराची पेटी पडद्यावर लाल पट्टीने येते. पावसात आमच्याकडे नेटवर्क जाते, हे आपण कोणी न सांगता लक्षात ठेवलेत. फोनचे नेट बंद करून आपण स्वतः पेट्यांची नोंद करून पाहिलीत आणि नेट परत आल्यावर सगळ्या नोंदी तक्त्यात उतरल्याची खात्री केलीत. मर्यादाही लपवल्या नाहीत. चाचणीपुरते हे साधन मोजक्या माणसांसाठी फुकट आहे, नंतर दर माणशी महिन्याचे पैसे पडतील, आणि पैसे गोळा करण्याचे काम हे ॲप स्वतः करत नाही, त्यासाठी वेगळी सोय लागेल, हे आपण आधीच स्पष्ट सांगितलेत. विकणारा माणूस हे शेवटी सांगतो, आणि तेही विचारले तरच.

मला विशेष लिहायचे आहे ते ‘थांबवा’ या बटणाविषयी. नवा वर्गणीदार कसा नोंदवायचा हे ठरण्याआधी आपण हे बटण बांधलेत, तेव्हा गटातल्या काही जणींना आश्चर्य वाटले होते. पहिल्या साइटवर वर्गणी सुरू करायला मोठे रंगीत बटण होते आणि थांबवायला काहीच नव्हते. लोक फोन करून विनवण्या करत आणि ती शरम आमच्या वाट्याला येई. आपण आम्हाला सांगितलेत की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ क्लृप्त्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि त्यांत वर्गणीत अडकवून ठेवण्याचाही समावेश आहे. यूपीआय ऑटोपेने वर्गणी आपोआप वळती करायची तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. बँकेची सूचना गेली तरी आपली स्वतःचीही जावी, पेटीत या वेळी काय आहे ते सांगणारी, आणि त्याच संदेशात ‘या महिन्यात नको’ म्हणण्याची सोय असावी, हा आग्रह आपला होता. कायदा पाळण्यापुरते एवढे करावे लागत नाही. मला भीती होती की लोक सोडून जातील. घडले ते उलट: गावी जाणारे, आजारपणात अडकलेले, घर बदलणारे लोक पूर्वी वर्गणी बंदच करून टाकत, आता ते एक महिना थांबतात आणि परत येतात.

आणि पावसाळ्याचा प्रश्न! तो शहरातल्या कोणाला कळेल असे मला वाटलेच नव्हते. जून ते सप्टेंबर आमच्याकडे काही वाळत नाही. आंबापोळी, फणसपोळी, पापड, सांडगी मिरची, सगळे मेअखेरपर्यंत उन्हात होऊन डब्यात बसले पाहिजे. आमसुलाला कोकमाच्या सालीला त्याच्याच रसाची पुटे देऊन पुन्हा पुन्हा वाळवावे लागते. ढग आले की ते काम संपले. म्हणजे श्रावणातल्या पेटीत काय आणि किती जाणार, हे आम्हाला चैत्रात ठाऊक हवे. पूर्वी आम्ही अंदाजाने करायचो आणि एक तर माल उरायचा, नाही तर भाद्रपदात तोंड लपवावे लागायचे. आपण माझ्याकडून हे सगळे ऐकून घेतलेत, आमच्या सासूबाईंकडूनही ऐकलेत, आणि एक साधे पान तयार केलेत: आज ज्यांची वर्गणी सप्टेंबरपर्यंत भरलेली आहे, त्यांच्या पसंतीनुसार प्रत्येक जिन्नस किती लागेल. यंदा एप्रिलमध्ये त्या पानावरचा आकडा पाहून आम्ही कोकमे घेतली. त्या आकड्यामुळे कोकमे वेचणाऱ्या बायकांना भाव आधी सांगता आला आणि निम्मी रक्कम आगाऊ देता आली. त्या घरांपर्यंत आपले काम पोहोचले आहे, हे आपल्याला माहीत असावे.

सल्लागाराने ज्यांना जमणार नाही असे म्हटले होते, त्यांच्यातल्या सर्वांत धाकट्या बाईंनी दिवाळीच्या फराळाचे जादा पान आपल्या मदतीशिवाय बांधले. त्यांनी आपल्याला फोन करून चूक आहे का विचारले; आपण पाहिलेत, एक सुधारणा सुचवलीत, पण स्वतः हात लावला नाहीत. मला वाटते, भल्या माणसाची हीच रीत असते. तो मदत करतो आणि बाजूला होतो. समोरच्याला आपली गरज कायम लागावी अशी तजवीज तो करून ठेवत नाही. आपल्याकडे विद्या असणारी माणसे खूप आहेत आणि ती दुसऱ्याला लागते म्हणून तिच्यावर वर्षानुवर्षे भाडे वसूल करणारीही खूप आहेत. आपण मात्र आमच्याकडून निघताना आपले नाव ॲपच्या वापरकर्त्यांतून स्वतःच काढून टाकलेत.

गटाच्या मागच्या बैठकीत एक ठराव झाला आहे. आपली वर्गणी यापुढे गट भरील. आपण याला विरोध कराल हे ठाऊक असल्याने ठरावावर सर्वांच्या सह्या घेतल्या आहेत. पुढची पेटी आपल्या आईंच्या पत्त्यावर जाईल, त्यात नवी आमसुले आणि त्यांना आवडते ते मेतकूट जास्तीचे आहे. त्या पुढील महिन्यात पुण्याला येणार असतील, तर २० तारखेच्या आत पत्ता बदलून ठेवावा.

आपली कृतज्ञ,
गटाच्या वतीने, आपल्या काकू
चिपळूण