होडीच्या यंत्राला योग्य कार्ब्युरेटर निवडून देणाऱ्या मेस्त्रींस

आदरणीय मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

देवबागच्या खाडीत पर्यटक फिरवणाऱ्या आमच्या होडीच्या यंत्रासाठी नवा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून यंत्राला देणारा भाग) निवडताना आपण केलेल्या मदतीबद्दल हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण त्यातील तपशील आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेले यंत्र) चालवणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावा. आपल्याच इच्छेनुसार आपले नाव गाळले आहे.

यंत्र मंद गतीवर वारंवार बंद पडत होते आणि दुकानांत एकच उत्तर मिळत होते, ‘चाळीसचा (म्हणजे चाळीस अश्वशक्तीच्या यंत्राचा) आहे, बसेल.’ आपण मात्र आधी कार्ब्युरेटर बदलण्याची गरज आहे का, हेच पाहिलेत. थ्रॉटलचा, म्हणजे आत जाणारे मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, दांडा ज्या भोकांत फिरतो ती झिजली होती आणि तिथून जादा हवा आत जात होती. जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्राची तोटी) कितीही साफ केले तरी ही झीज भरून येणार नाही, हे दांडा हलवून दाखवल्यानंतरच आपण निवडीकडे वळलात.

यामाहाच्या भाग-क्रमांकातील १४३०१ हा आकडा केवळ कार्ब्युरेटर असल्याचे सांगतो, तो कोणत्या यंत्राचा हे मात्र त्याआधीच्या तीन खुणांवरून कळते, ही आपली शिकवण मला सर्वांत मोलाची वाटते. आमच्या यामाहा एन्ड्युरो ४०एक्स या यंत्राला ६६टी-१४३०१ लागतो; जुन्या पिढीच्या चाळीसचा क्रमांक ६एफ५ ने सुरू होतो. दोन्ही यंत्रे दोन सिलिंडरची आणि झाकणावर आकडाही तोच, परंतु ४०एक्सची क्षमता ७०३ घन सेंटिमीटर आणि जुन्याची त्याहून कमी, त्यामुळे दोघांची इंधनाची गरज सारखी नाही. अशा टू-स्ट्रोक यंत्रात वंगणाचे तेल पेट्रोलसोबतच आत जाते. म्हणजे मिश्रण पातळ झाले (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले) की पिस्टन नुसता तापत नाही, त्याचे वंगणही तुटते आणि तो जाम होतो. कार्ब्युरेटरच्या किमतीत वाचवलेले पैसे मग कितीतरी पटींनी बाहेर पडतात.

क्रमांक जुळल्यावरही आपण थांबला नाहीत. नव्याचे मेन जेट काढून त्यावरचा आकडा ताडून पाहिलात, सांध्यातील गळती रोखणारे जुने गॅस्केट पुन्हा वापरू दिले नाहीत, आणि भर वेगाने होडी चालवून झाल्यावर स्पार्क प्लग उघडायला लावलात. त्याचा रंग पांढुरका (ही मिश्रण पातळ असल्याची खूण) न येता तपकिरी आला, तेव्हाच आपले समाधान झाले. (होडीत पर्यटक खोळंबले होते, तरी आपण घाई केली नाहीत, याचेही मला कौतुक आहे.)

हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते दमट हवेतील पाणी शोषते, म्हणून पाणी वेगळे करणारा फिल्टर आम्ही बसवला आहे. पावसाळ्यात होडी वर ओढताना कार्ब्युरेटरमधील पेट्रोल साठणारी फ्लोटची वाटी रिकामी करण्याची आपली सूचनाही पाळू.

मजुरी आपण घेतली नाहीत. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट आणि फ्लोट अजून चांगले आहेत. कुणाच्या तरी यंत्राला ते चालतील, म्हणून या पत्रासोबत पाठवत आहे. निदान एवढे तरी परत करू नये, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
देवबागचा एक होडीमालक