ठरवून केलेले विवाह आणि संमती

महोदय,

ठरवून केलेल्या विवाहाकडे पाश्चात्त्य समाजात अनेकदा बळजबरी म्हणून पाहिले जाते, तर आपल्याकडे प्रेमविवाहाला उतावळेपणा म्हणून नाक मुरडणारे आजही कमी नाहीत. दोन्ही दृष्टिकोन मला उथळ वाटतात. जपानमध्ये मध्यस्थाने स्थळ सुचवण्याची ‘ओमिआई’ पद्धत एकेकाळी सर्रास रूढ होती; १९६०च्या दशकाच्या अखेरीस प्रेमविवाह संख्येने तिच्या पुढे गेले, तरी ती नामशेष झाली नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४पासून सक्तीचा विवाह हा गुन्हा आहे, मात्र दोघांच्या संमतीने ठरवलेल्या विवाहाला तेथील कायद्याची हरकत नाही. मानवी हक्कांच्या १९४८च्या जाहीरनाम्यातील सोळाव्या कलमानेही वधूवरांची मुक्त आणि पूर्ण संमतीच आवश्यक मानली आहे.

प्रश्न ती संमती कशी घेतली जाते, हा आहे. वडीलधाऱ्यांनी भरलेल्या खोलीत, निर्णय जवळजवळ झालेला असताना, ‘पसंत आहे ना?’ असे विचारले, तर नकार देण्याचे धाडस किती मुली (आणि मुलगेही) करतील? हे दडपण कायद्याच्या व्याख्येत सहसा सापडत नाही. म्हणून हा प्रश्न दोघांनाही स्वतंत्रपणे, एकांतात आणि बोलणी पुढे सरकण्यापूर्वीच विचारला जावा.

– एक वाचक