शेणखताचा अहवाल आम्हाला वाचता येईल असा द्या : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

शेणखत तपासून घ्या आणि मगच वरखतांचा, म्हणजे युरियासारख्या वरून द्यायच्या खतांचा, हिशेब करा, असं तुमचं खातं सांगतं. मी तपासून घेतलं. अहवालात 'एकूण नत्र २ टक्के' होतं, म्हणजे टनाला २० किलो नायट्रोजन. एकरी पाच टन टाकलं, १०० किलो नत्र गेलं असं धरलं आणि युरियाची गोणी उघडलीच नाही. महिन्याभरात पीक पिवळं पडलं.

कागद पुन्हा काढला. तळाशी बारीक अक्षरांत 'कोरड्या वजनावर', आणि ओलावा ७० टक्के. पण शेतात जातं ते ओलं खत! टनात कोरडा भाग ३०० किलो, त्यात नत्र ६ किलो. पाच टनांत ३०. त्यातलंही पिकाला लगेच मिळतं ते मुख्यतः अमोनियमच्या रूपातलं. खत पसरून उन्हात तसंच ठेवलं तर त्यातलं बरंचसं अमोनिया होऊन उडून जातं. बाकीचं सेंद्रिय नत्र जिवाणू कुजवतील तसं हळूहळू सुटतं, काही तर पुढच्या हंगामांत. अमोनियमचा आकडा अहवालात नव्हताच.

पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलो. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ०.४ टक्क्यांवरून थेट ०.९२! गाईंचं कौतुकही करून झालं. मग कळलं, आधी नुसतं मूलद्रव्य लिहिलं होतं, आता त्याचं ऑक्साइड. ०.४ ला २.२९ ने गुणा, झालं. पालाशचंही, म्हणजे पोटॅशियमचंही, तेच, फक्त गुणक १.२. मराठीत दोन्ही रूपांना आपण स्फुरदच म्हणतो, मग ओळखायचं कसं?

माझीही एक चूक कबूल करतो. पहिला नमुना मी ढिगाच्या वाळलेल्या वरच्या थरातून घेतला होता. दहा-पंधरा ठिकाणी आतपर्यंत खणून, सगळं एकत्र कालवून मग त्यातलं थोडं पाठवायचं असतं, हे नमुन्याच्या पिशवीवर छापलं असतं तर बरं झालं असतं.

मागणी साधी आहे. आकडे ओल्या खताच्या टनामागे किलोत द्या, अमोनियम वेगळं दाखवा, स्फुरद-पालाश कोणत्या रूपात मोजलं ते शेजारीच लिहा. ओलावा प्रयोगशाळेने मोजलेलाच असतो. एक गुणाकार तिथेच करायचा आहे.

दोन्ही अहवाल सोबत जोडले आहेत. 'कोरड्या वजनावर' या शब्दांभोवती लाल पेनाने गोल केलाय, नाहीतर तुम्हालाही सापडायचे नाहीत.

कळावे,
आपला,
एक पशुपालक शेतकरी