शाम, तुझं ताट कुणाच्या हाती देऊ नकोस

ठाणे,
रविवार

प्रिय शाम,

सप्रेम नमस्कार.

परवा वहिनींचा फोन आला होता. रिपोर्टचं त्यांनी थोडक्यात सांगितलं आणि मग कितीतरी वेळ फक्त खाण्याबद्दल विचारत राहिल्या. शेजारचे म्हणतात दूध बंद करा, कुणी म्हणतं साखर कॅन्सरला पोसते, तुझ्या मेहुण्यांनी गव्हांकुराची पावडर आणि गोमूत्राचा अर्क आणून ठेवलाय. "भावजी, मी त्यांना घालू तरी काय?" असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज दाटून आला होता. फोनवर सुचेल तेवढं बोललो, पण समाधान झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. लघवीच्या पिशवीतली कॅन्सरची गाठ दुर्बिणीने खरवडून काढणं, मग पिशवीत सोडायचं बीसीजी हे औषध, मग पुन्हा पुन्हा दुर्बीण घालून बघणं, या सगळ्यातून मी गेलोय. तू आता त्याच वाटेवर आहेस.

आधी एक सांगतो, शाम. अमुक खाल्लंस म्हणून हे झालं, असं मनात आणू नकोस. आणि अमुक खाऊन हे बरं होईल असा पदार्थही नाही. गाठीचं काय करायचं ते डॉक्टर आणि औषध बघतील. लघवीची जळजळ आटोक्यात ठेवायची आणि वजन उतरू द्यायचं नाही, एवढंच आपल्या ताटाचं काम. बाकी जो जो येऊन तुझ्या ताटातली एकेक वाटी उचलायला सांगेल, त्याचं ऐकून घे आणि जेव.

सगळ्यात महत्त्वाचं पाणी. हृदयासाठी किंवा किडनीसाठी तुला मोजून प्यायला सांगितलं नसेल, तर दिवसाला दोन-अडीच लिटर धर. लघवी गडद झाली की खरवडलेल्या जागेवर झोंबते. आपण नेमकं उलटं करायला जातो. जळजळतं, सारखं उठावं लागतं, म्हणून पाणी कमी प्यायचं. मग लघवी आणखी गडद होते आणि जळजळ वाढते. मात्र तांब्यावर तांब्या एकदम घशाखाली ओतू नकोस. सकाळपासून थोडं थोडं पी आणि संध्याकाळी सातनंतर हात आखडता घे, म्हणजे रात्रीची झोप मोडणार नाही. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की समजायचं, बरोबर चाललंय. ताक, मुगाचं कढण, भाताची पेज, नाचणीची आंबील हेही पाण्यातच मोजायचं. शहाळं चांगलंच, पण त्यात पोटॅशियम बरंच असतं, तेव्हा क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर आधी विचार. उसाचा रस तुझ्या डायबेटिसमुळे नकोच.

आता तुझ्या चहाकडे येतो. तो काळा होईस्तोवर उकळलेला, दर तासाला लागणारा चहा. चहा-कॉफीतलं कॅफिन पिशवीला डिवचतं, घाईची लघवी लागते आणि जळजळही वाढू शकते. पण एका दिवसात तोडलास तर डोकं ठणकेल आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा टपरीवर उभा राहशील. मी आधी पत्ती निम्मी केली, मग दुपारचा कप सोडला, मग संध्याकाळचा. सकाळचा एक कप अजून आहे, आणि तो नाश्ता झाल्यावरच. संध्याकाळी हिने दुसरंच सुरू केलंय. गवती चहाची पाती कात्रीने बारीक कापायची, आल्याचा तुकडा ठेचायचा, पाण्याला उकळी फुटली की दोन्ही टाकून गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवायचं. पाच मिनिटांनी गाळून वरून गरम दूध. पत्तीचा कणही नाही, पण हातात वाफाळता कप येतो, आणि माझी निम्मी तलफ त्या कपाचीच होती. कोल्ड्रिंक, सोडा आणि दारू यांनीही पिशवी चिडते. बीसीजी चालू आहे तोवर तरी त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

तिखटाचं काय, हा कोल्हापूरकराला पडणारा खरा प्रश्न. इथे सरसकट नियम नाही. एकाला टोमॅटोने आग होते, दुसरा टोमॅटोचं सार वाटीभर पितो आणि त्याला काही होत नाही. मिरची, चिंच, लिंबू, संत्रं, टोमॅटो, गोड लागणाऱ्या बिनसाखरेच्या गोळ्या हे सगळे संशयित. डायबेटिसमुळे तू त्या गोळ्या चहात टाकतोस, म्हणून मुद्दाम लिहिलं. आठवडाभर हे सगळं बाजूला ठेव, मग एकेक परत आण. एका वहीत काय खाल्लं, किती वाजता, त्यानंतर लघवीला कसं झालं, एवढं लिहीत जा. माझ्या वहीत कोकम सरबताच्या पुढे दर वेळी "आग" असं आहे आणि सोलकढीच्या पुढे काहीच नाही. दोन्हींत कोकमच, पण सोलकढीत ते कमी असतं आणि नारळाचं दूध भरपूर. वही नसती तर मी दोन्ही सोडून बसलो असतो.

तांबड्या रश्श्यावर काही दिवस पाणी सोड, पांढरा आहेच. नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, खडा मसाला, लाल तिखट नाही. मटणाने प्रथिनंही पोटात जातात. रोज मटण नको, पण अंडं, डाळ, दही, मासे यांतलं काहीतरी दोन्ही वेळच्या ताटात असू दे. औषधाच्या दिवसांत भूक मंदावते आणि वजन उतरतं. मला त्याची काळजी ठेच्यापेक्षा जास्त वाटते. मिसळ आणि ठेचा कायमचे गेले असं धरू नकोस. पिशवी शांत असेल त्या आठवड्यात खाऊन बघ. झोंबलं नाही तर सोडायचं कारण नाही.

पोट रोज साफ होऊ दे. मलाने भरलेलं आतडं पिशवीवर दाब देतं आणि कुंथल्याने नुकती खरवडलेली जागा पुन्हा रक्त सोडू शकते. दोडका, पालेभाजी, पपई, पेरू, ज्वारीची भाकरी यांनी भागतं. इसबगोल घेतलंस तर त्यावर पाणी भरपूर पी.

बिटाबद्दल सांगायलाच हवं. एकदा रात्री बिटाची कोशिंबीर खाल्ली आणि सकाळी भांड्यात गुलाबी रंग दिसला. पाय लटपटले. हिने आदल्या रात्रीची आठवण दिली तेव्हा कुठे श्वास खाली बसला. बीट वाईट नाही, पण आपल्या दुखण्यात लघवीचा रंग हीच मोठी खूण आहे, ती झाकली जाऊ नये. म्हणून आमच्याकडे बीट येत नाही. आणि बीट न खाता लाल दिसलं, किंवा रक्ताच्या गाठी पडल्या, तर वाट बघत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर.

बीसीजीच्या दिवसाचे नियम वेगळे. आपल्याला लहानपणी दंडावर टोचतात त्याच क्षयाच्या लशीतले हे जिवंत जंतू. १९७६ साली कॅनडातल्या मोरालेस नावाच्या डॉक्टरांनी पिशवीच्या कॅन्सरवर त्यांचा उपयोग प्रसिद्ध केला, आणि आजही हे औषध मागे पडलेलं नाही. औषध २ तास पिशवीत धरून ठेवायचं असतं. म्हणून आधीचे ४ तास पाणी अगदी कमी आणि चहा नाही, नाहीतर पिशवी लवकर भरते आणि औषधही पातळ होतं. नंतर मात्र भरपूर पाणी. पुढचे ६ तास लघवीला बसूनच जायचं, दर वेळी भांड्यात ब्लीच ओतायचं आणि १५-२० मिनिटांनी फ्लश करायचं. तुझ्या हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर वेळा थोड्या वेगळ्या असतील तर त्याच पाळ. त्या रात्री मऊ भात, मुगाचं वरण, तूप, दुधी. ताप चढला, थंडी वाजली तर काढा करत बसू नका, डॉक्टरांना कळवा. आणि दुसऱ्या कुणी अँटिबायोटिक लिहून दिलं तर बीसीजी देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घे, काही अँटिबायोटिक या जंतूंनाच मारतात.

तुझ्या डायबेटिसच्या औषधाच्या गोळ्यांची पाकिटं काढून बघ. कुठे "पायोग्लिटाझोन" लिहिलेलं आहे का? पिशवीच्या कॅन्सरशी त्याचा संबंध असल्याचा इशारा अमेरिकेत २०११ मध्ये दिला गेला, आणि आपल्याकडे २०१३ मध्ये ते काही आठवडे बंद ठेवून मग इशाऱ्यासकट परत आणलं. पिशवीचा कॅन्सर असलेल्याने ते घेऊ नये. मनाने गोळी बंद करू नकोस, पण उद्याच डॉक्टरांना दाखव.

मेहुण्यांचं मन दुखवू नकोस. त्यांच्या जिवाला घोर आहे म्हणून ते आणतात. पण तो अर्क, त्या पावडरी, व्हिटॅमिनचे मोठे डोस, यांतल्या कशानेही आपला आजार परत येणं थांबतं असं सिद्ध झालेलं नाही. घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना नाव सांगून घे. श्रावणातले उपास हवे तर कर, पण पाणी सोडून नाही, आणि बीसीजीच्या आठवड्यात नाही.

आणि सिगारेट. हे लिहिताना हात जड होतो, कारण आपण दोघांनी मिळूनच ती सुरू केली. पिशवीच्या कॅन्सरचे जवळपास निम्मे रुग्ण तंबाखूच्या धुरापायी होतात. धुरातलं विष फुप्फुसांतून रक्तात जातं, किडनी ते गाळून लघवीत टाकते आणि ती लघवी पिशवीत तासन्‌तास साठून राहते. बीसीजी चालू असताना ओढत राहिलास तर गाठ परत येण्याची शक्यता वाढते. मी वर लिहिलेलं सगळं खाणंपिणं एका पारड्यात घातलं तरी ही एक गोष्ट जड भरेल. शाम, ती सोड. एकट्याने जमलं नाही तर १८०० ११ २३५६ हा फुकटचा सरकारी नंबर आहे, तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो. तिथे माणूस बोलतो, पुन्हा फोन करून विचारपूस करतो. रात्री तलफ आली तर मला फोन कर, कितीही वाजलेले असू देत.

तुझ्या पहिल्या बीसीजीच्या आदल्या दिवशी मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने पोचतोय. गवती चहाचं रोप कुंडीसकट आणतो, इथे गॅलरीत माजलंय. वहिनींना म्हणावं, माझ्यासाठी वेगळं काही करू नका, शामच्या ताटात जे असेल तेच मला वाढा. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं तेवढी वर काढून ठेव, आपण दोघे मिळून डॉक्टरांना विचारू.

तुझा,
मधू