आधी घर, मग बंदूक

धरमपेठ, नागपूर
मे महिन्यातला शेवटचा रविवार

प्रिय बाल्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, नवीन कॉम्प्युटर आला, रस्ट नावाचा गेम घेतला आणि दोन तासांत अकरा वेळा मेलो. आवाज इतका पडला होता तुझा की फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. फोनवर समजावायला गेलो तर तू मध्येच "बरं बरं" करून विषय बदलतोस, म्हणून लिहितोय. सावकाश वाच आणि जवळ ठेव.

अकरा वेळा मरण्यात तुझं काही चुकलं नाही बे. हा गेम शिकवतो फार थोडं. समुद्राच्या काठावर उघडा उभा करतो, हातात एक दगड आणि एक मशाल देतो, पुढचं तुझं तू बघ. आणि लोक तो डिसेंबर २०१३ पासून खेळताहेत. म्हणजे समोरून बंदूक घेऊन येणाऱ्या पोट्ट्याचा हात दहा-दहा वर्षं बसलेला असू शकतो. नेमबाजीत त्याची बरोबरी तुला इतक्यात जमणार नाही, मलाही अजून जमत नाही. पण घर मात्र त्याच्याइतकंच पक्कं बांधता येतं, अगदी पहिल्या दिवशी. मला सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचाच विस्तार.

कारण असं. तू कॉम्प्युटर बंद केलास की बाकीच्या गेमांत तुझा माणूस नाहीसा होतो. इथे तो जिथे उभा होता तिथेच आडवा होतो आणि झोपतो. तू ऑफिसात असतोस, जेवत असतोस, वहिनींबरोबर बाजारात असतोस, आणि इथे तुझा माणूस उघड्यावर पडलेला. कुणीही येऊन मारावं, खिसे रिकामे करावेत. दिवसाचे दोन तास तू खेळशील, तर बावीस तास तुझी राखण भिंती करणार. म्हणून बंदुकीच्या आधी भिंत.

सर्व्हर निवडताना यादीतला पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा बघ, कमीत कमी असलेला घे. माणसं भरपूर असलेला सर्व्हर टाळ, शे-सव्वाशे लोक पुष्कळ झाले. आणि वाइप कधी झाला ते बघ. वाइप म्हणजे नकाशा पुसून सगळ्यांची पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वाइप होऊन आठ दिवस झालेल्या सर्व्हरवर उतरलास तर सगळीकडे लोखंडी किल्ले उभे असतात आणि तू दगड घेऊन फिरतोस.

आता पहिला अर्धा तास. किनाऱ्यावर रेंगाळू नको. आत जाता जाता जे हिरवं हेम्पचं झुडूप दिसेल ते उपट, त्यातून कापड मिळतं. ३० कापडांची एक स्लीपिंग बॅग होते, ती पहिल्यांदा बनव. मेलास तर पुन्हा किनाऱ्यावर न जाता तिथेच उठशील. लाकूड तोडताना खोडावर लाल फुली उमटते, दर घावाला जागा बदलते. तिच्यावर नेम धरून मार, लाकूड कितीतरी लवकर हाती येतं. खडकावर तसाच एक चमकणारा ठिपका असतो. मग दगडी कुऱ्हाड, दगडी कुदळ, आणि २०० लाकूड व ५० कापड जमलं की धनुष्य. मशाल रात्री पेटवू नकोस, लांबून दिसते. उत्तरेकडच्या बर्फातही सुरुवातीला जाऊ नको, कपड्यांशिवाय थंडीनेच मरशील.

घराची जागा रस्त्यापासून थोडी आत, झाडीत निवड. मोठं बांधायच्या भरीला पडू नकोस. दोन चौकोनी पाये एकाला एक लागून, आणि पुढे दारासाठी एक त्रिकोणी. काड्यांचा सांगाडा झाला की आत ताबडतोब टूल कबर्ड नावाचं कपाट ठेव, सगळे त्याला टीसी म्हणतात. १००० लाकूड लागतं, पण ते असलं की ज्याचं नाव त्यावर लावलंय त्याच्याशिवाय आसपास दुसऱ्या कुणाला बांधकाम करता येत नाही. ते सगळ्यात मागच्या खोलीत ठेव, दारापासून शक्य तितकं लांब. आणि त्यात दगड-लाकूड टाकत राहा. घर आपली देखभाल त्यातूनच घेतं, रिकामं झालं की भिंती आपोआप झिजतात. किती वेळ पुरेल ते टीसी उघडलं की लिहिलेलं दिसतं, झोपण्याआधी तो आकडा वाचायची सवय लाव.

मग भिंती दगडाच्या कर, एका भिंतीला ३०० दगड. इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. प्रत्येक भिंतीला एक पक्की बाजू असते आणि एक कच्ची. कच्ची बाजू बाहेर राहिली तर कुणीही कुदळ घेऊन निवांत फोडत बसतो. उलटी लागली असेल तर हातोडा घेऊन लगेच फिरव, थोड्या वेळाने फिरवता येत नाही. छतही दगडाचंच कर.

दाराचं गणित वेगळं आहे. दगडी भिंत उडवायला दहा सॅचेल, म्हणजे स्फोटकांच्या पिशव्या, लागतात, पत्र्याचं दार चारात जातं. म्हणून लुटणारा भिंतीकडे ढुंकून बघत नाही, दारातूनच येतो. लाकडी दार तर आगीने जळतं, ते फक्त पहिल्या तासापुरतं. १५० मेटल झालं की पत्र्याचं लाव, आणि बाहेरच्यापासून टीसीपर्यंत जितकी दारं मध्ये घालता येतील तितकी घाल. कुलूप कोडचं घे, १०० मेटलचं. १२३४ नको, तुझं जन्मसालही नको. लोक हेच आधी दाबून बघतात.

त्या त्रिकोणी खोलीला दोन दारं असतात, एक बाहेर, एक आत. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. हे मी तुला शपथ घालून सांगतो, कारण यावरच माझं घर गेलंय. गेल्या वर्षीच्या मेमधली रात्र. बाहेर गरम झळा, कूलर फुल. मी सल्फर भरून घरी आलो, पाठ भरलेली, खुशीत दोन्ही दारं एका दमात उघडली आणि लाईन गेली. अख्खी गल्ली अंधारात. मी गच्चीवर बसून वाट बघत होतो, अंगातून घाम निथळत होता, आणि डोळ्यांसमोर एकच चित्र: माझा माणूस उंबरठ्यावर झोपलाय आणि दोन्ही दारं सताड उघडी. चाळीस मिनिटांनी लाईन आली तेव्हा मी मेलेलो होतो. बॅगवर उठलो, तर आतल्या पेट्या रिकाम्या आणि टीसीवर माझं नाव नव्हतं. आठवडाभराची मेहनत होती रे. त्या रात्री खरंच रडू आलं. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले ते दुसऱ्याच दिवशी. तिकडे पुण्यात लाईन कमी जात असेल, तरी तू यूपीएस घेच.

त्यानंतर मी एक नियम धरला. झोपायच्या आधी हातातलं सगळं खर्च करायचं. पेटीतला दगड कुणीही उचलून नेतो, भिंतीला लावलेला दगड त्याला नेता येत नाही. उद्यासाठी म्हणून काही राखून ठेवू नको. दार वाढव, भिंत वाढव, टीसी भर, मग झोप. एक बॅग घराबाहेर झुडपातही टाकून ठेव, घर गेलं तरी जवळच उठता येईल.

हेडफोन चांगले घे. या गेममध्ये कानाला डोळ्यापेक्षा जास्त काम असतं. गवतातली पावलं, दगडावरची पावलं, पत्र्यावरची पावलं, सगळ्यांचा आवाज वेगळा. कूलर चालू असला की मला यातलं काही ऐकू येत नसे आणि माणूस थेट पाठीत येऊन उभा राहायचा. आता गरम झालं तरी खेळताना कूलर हळू करतो. तुझ्या घरातल्या भट्टीचा आवाजही बाहेर ऐकू जातो, हेही लक्षात ठेव.

माणसांबद्दल मात्र मन कडू करून घेऊ नकोस. माईकवर बोललेलं जवळच्यांना ऐकू जातं. मारतात पुष्कळजण, पण बोलून बघावं. एकदा मी रक्त गळत पळत होतो, समोर एक जण धनुष्य ताणून उभा. मी हिंदीत म्हटलं, भाई, कुछ नहीं है मेरे पास. तो दोन सेकंद तसाच थांबला. मग धनुष्य खाली केलं, जमिनीवर पट्टी टाकली, शिजवलेलं मांस टाकलं आणि मागे सरकून उभा राहिला, मी घाबरू नये म्हणून. पुढे महिनाभर आमची घरं शेजारी शेजारी होती. असा शेजारी एक जरी मिळाला तरी रात्र सोपी जाते. फक्त टीसीवर त्याचं नाव इतक्यात लावू नकोस.

स्क्रॅपचं, म्हणजे भंगाराचं, थोडक्यात. रस्त्याकडेचे पिंप फोड, नको ते भाग रिसायकलर नावाच्या मोडणी-यंत्रात टाक, ५० स्क्रॅप झाले की पहिलं वर्कबेंच, म्हणजे वस्तू बनवायचं टेबल, बांध. आउटपोस्ट नावाची सुरक्षित वस्ती नकाशावर दिसेल, तिथे शस्त्र हातात धरून शिरायचं नाही, पहारेकरी गोळ्या घालतात. बंदुकांचं पुढे बघू.

आणि तब्येत सांभाळ रे. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सगळे सर्व्हर पुसले जातात, आणि आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेबारा. मी तीन महिने शुक्रवारी जागरणाचे डोळे घेऊन कामावर गेलो. तू ते करू नकोस. दीड वाजला की घर बंद कर आणि झोप. काकूंना तुझी काळजी वाटते, मागच्या आठवड्यात गोकुळपेठेत भेटल्या होत्या, विचारत होत्या, बाल्या वेळेवर जेवतो ना म्हणून.

येत्या गुरुवारी जूनचा वाइप आहे. मी आधी उतरतो, जागा धरतो, तुझ्या वाटची बॅग आतल्या खोलीत टाकतो आणि ती तुझ्या नावे करून देतो. तू किनाऱ्यावर उठलास की शोधत फिरू नको. तिथेच मर, आणि मेल्यावर येणाऱ्या बॅगांच्या यादीत "बाल्याची खोली" असं नाव दिसेल त्यावर दाब, थेट घरात उठशील. दाराचा कोड फोनवर सांगतो, पत्रात लिहीत नाही. जेवून ये.

तुझा,
मन्या